गेलेल्याचं भाडं

वन्संनी जेवणाच्या टेबलावरचा चमचा उचलला आणि कागदाच्या शेवटच्या ओळीवर आडवा ठेवला.

"तळाला काय आहे ते नंतर. आधी वरून वाच."

"वन्सं, उद्या सकाळी मीटिंग आहे. तिथे तळच वाचून दाखवतात."

"म्हणूनच तर तुझी फजिती होते."

बाईंनी कारखान्याच्या हिशेबाचा कागद पुढे ओढला. फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचा बोळा फिरवता फिरवता त्या मॅनेजर झाल्या होत्या. फळीवर नुसता हात फिरवून लाकूड किती मुरलंय ते सांगायच्या. पण आकड्यांचा तक्ता समोर आला की डोळ्यांपुढे मुंग्या चालायला लागत. मीटिंगमध्ये हिशेबनीस भराभर बोलत जायचा आणि अडाणी दिसू नये म्हणून बाई मान हलवायच्या. मागच्या खेपेला अशीच हलवली. नंतर कळलं, की गादीकामाचा विभाग बंद करायला आपण होकार देऊन बसलो आहोत. उद्या त्यावर मालकांची सही व्हायची होती.

गादीवाले काका ओठांत बारीक खिळे धरून बोलत, तरी शब्दन्‌शब्द कळायचा. आज दुपारी मात्र त्यांनी खिळे काढून हातात घेतले होते.

"बाई, तुम्हीपण मान हलवलीत म्हणे."

एवढंच बोलले. त्यांच्या हाताखालच्या माणसांनी वरसुद्धा पाहिलं नाही.

वन्सं म्हणजे बाईंची थोरली नणंद. जन्मभर शाळेत जमाखर्च शिकवला आणि निवृत्त झाल्यावर भावाकडे राहायला आल्या. आता कुठेशी एक खोली पाहून ठेवली होती. "भावाच्या संसारात किती दिवस जागा अडवायची," हे त्यांचं पालुपद. भावाने विनवून पाहिलं, रागावून पाहिलं. पण वन्संचा निश्चय म्हणजे दगडावरची रेघ. कोपऱ्यात त्यांची बॅग अर्धी भरून पडली होती.

"गादीकामाच्या नावावर काय काय टाकलंय?" त्यांनी विचारलं.

"कापड, फोम, पगार. आणि कारखान्याच्या भाड्याचा चौथा हिस्सा."

"हं. चौघी मैत्रिणी एका खोलीत राहतात. एक निघून गेली. घरमालक भाडं कमी करतो?"

"तो कसला करतोय!"

"मग तिचा वाटा?"

"उरलेल्या तिघींच्या बोकांडी."

"आता चमचा काढ."

बाईंनी चमचा सरकवला. तळाशी तोटा होता खरा, पण तो भाड्याच्या हिश्श्याहून बराच लहान होता. त्या कितीतरी वेळ दोन्ही आकड्यांवर आळीपाळीने बोट ठेवत राहिल्या.

"म्हणजे कापड, पगार सगळं भागवून काका भाड्यालाही हातभार लावतायत?"

"मी काही बोलले का?" वन्सं म्हणाल्या आणि हात धुवायला उठल्या.

सकाळी मालकांनी पेनाचं टोपण काढलं, तेव्हा बाईंनी तक्त्यावर हात ठेवला.

"एक विचारू? गादीकाम गेल्यावर त्यांच्या वाट्याचं भाडं कुठे जाईल?"

"इतर विभागांवर पडेल," हिशेबनीस म्हणाला.

"म्हणजे पुढच्या वर्षी पॉलिश तोट्यात?"

"तसं दिसेल, हो."

"मग पॉलिशही बंद करायचं?"

हिशेबनीसाने तक्ता उलटसुलट करून पाहिला. मालक म्हणाले, "पण बाई, मागे तुम्हीच मान हलवली होतीत."

"तेव्हा कळत नव्हतं म्हणून हलवली. आता कळलंय, म्हणून हलवत नाही."

मालक हसले नाहीत. पण पेनाला टोपण लागलं.

घरी आल्यावर बाईंनी सगळं साग्रसंगीत सांगितलं. वन्संनी दोनदा ऐकून घेतलं, हिशेबनीसाचा चेहरा कसा झाला तेही विचारलं, पाठीवर थाप मारली आणि पुन्हा बॅग भरायला बसल्या.

बाईंनी एक कोरा कागद घेतला. भाडं, वीज, दूध, किराणा. समोर घरात कोण किती घालतं ते. वन्संचं पेन्शन लिहून त्यावर काट मारली. शेवटच्या ओळीवर चमचा ठेवला.

"वन्सं, जरा वरून वाचा."

वन्संनी उभ्या उभ्या, डोळे बारीक करून वाचलं.

"मला खोडलंस, आणि भाडं तेवढंच?"

"घरमालक कसला कमी करतोय!"

वन्संनी चमचा उचलून तळाची ओळ पाहिली. मग म्हणाल्या, "माणसांचे हिशेब असे नसतात गं, वहिनी."

"नसू देत. बेरीज तरी बरोबर आहे का बघा."

चष्मा बॅगेच्या तळाशी होता. तिथवर पोचायला वन्संना घड्या केलेले कपडे एकेक करून खुर्चीवर काढून ठेवावे लागले. चष्मा लावून त्या टेबलाशी बसल्या.

"दुधाचा आकडा चुकलाय. तिथून पुढचं सगळं पुन्हा मांड."

बाई पेन्सिलीला टोक करायला लागल्या. खुर्चीवरचे कपडे तसेच राहिले.