जपानी वर्गाबाहेरचा चपलांचा रॅक

बोलतोय तो मी, चपलांचा रॅक. समोर नका शोधू, जरा खाली बघा. विद्यापीठाच्या भाषा विभागात, तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीच्या दाराबाहेर, भिंतीला पाठ लावून उभा आहे तोच. माझ्यावर काय ठेवतात ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे माझ्याजवळ कुणी फार वेळ थांबत नाही. पण नाक दाबून का होईना, आज माझं ऐकाच.

माझा जन्म मोडीतून झाला. परीक्षेच्या हॉलमधली जुनी बाकं एकदा निकालात निघाली. विद्यापीठाच्या सुतारमामांनी त्यांच्यातल्या धडक्या फळ्या निवडल्या, रंधा मारला आणि मला उभा केला. माझ्या मधल्या फळीवर कुण्या परीक्षार्थीनं कर्कटकानं कोरलेलं एक सूत्र अजून आहे. मामांनी ते मुद्दाम ठेवलं. "असू दे, शिकलेला रॅक आहे," म्हणाले. सूत्र चुकीचं आहे, हे मला पुढे गणिताच्या एका प्राध्यापकांच्या बोलण्यातून कळलं.

माझी पहिली नेमणूक संगणक कक्षाबाहेर झाली. तेव्हा संगणक नवे होते. त्यांना धूळ चालत नाही म्हणून भलेभले प्राध्यापक चपला काढून, मोजे सावरत, दबक्या पावलांनी आत जात. मी दारावरचा मानकरी! मग संगणक घरोघरी गेले. लोक त्यांच्यासमोर बसून पाव खाऊ लागले, चहा सांडू लागले. संगणकाचा थाट उतरला तसा माझाही उतरला.

मी जिन्याखाली गेलो. विद्यापीठात वस्तू टाकून देत नाहीत, जिन्याखाली ठेवतात. कधीकधी चांगल्या माणसांचंही तेच करतात, पण आज तो विषय नको. माझ्यावर फिनेलच्या बाटल्या आल्या, फाटकी पोतेरी आली, कुठल्याशा परिसंवादाचे न वाटलेले बिल्ले आले. कित्येक वर्षं माझ्यावर एक चप्पलसुद्धा चढली नाही.

तिथून मला बाहेर काढलं ते सेन्सेईंनी. सेन्सेई म्हणजे जपानीत गुरुजी किंवा बाई. या आमच्या बाई अंगानं काडी आणि आवाजानं नगारा. नोकरी हंगामी, शिस्त मात्र कायम. जपानीचा पहिल्या पायरीचा वर्ग त्यांना मिळाला होता. खोलीत गवताच्या विणलेल्या जाड चटया अंथरायच्या होत्या, आणि चटईवर बूट घालून चालणं म्हणजे जपान्यांच्या लेखी कुणाच्या अंथरुणावर चालण्यासारखं.

"मॅडम, हे भंगार कशाला? नवा मागवा की," शिपाई म्हणाला.

"नवा येईपर्यंत माझी मुलं निवृत्त होतील. धरा तिकडून."

आणि मी तिसऱ्या मजल्यावर आलो.

सेन्सेईंचा पहिला धडा माझ्यापाशीच असे. बूट काढायचे, उचलायचे आणि टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवायचे. जाताना पाय घातला की चालू लागायचं. सोपी गोष्ट, पण पदव्या घेतलेल्या माणसांना महिनाभर जमत नाही, हे मी पाहिलेलं आहे. वर्गात एक उंच मुलगा होता, सगळे त्याला लंबू म्हणत. त्याचे बूट घोट्यापर्यंत आणि लेस अशी लांब की ती सोडेपर्यंत हजेरी संपायची.

"सेन्सेई, आता बूट बरोबर बघताहेत का?"

"मला काय विचारतोस? बुटांना विचार, त्यांना घरी जायचंय का."

विभागप्रमुखांनी मात्र माझ्यावर कधी बूट ठेवले नाहीत. "दोनच मिनिटं आलोय," म्हणत सरळ चटईवर. दोन मिनिटांसाठी आलेल्या साहेबांनीच जगातल्या बहुतेक चटया खराब केल्या आहेत. मागे सेन्सेई ओलं फडकं घेऊन गुडघ्यावर बसत. तेव्हा बोलता येत असतं तर तिथेच बोललो असतो.

याच वर्गात एके दिवशी वकीलबाई आल्या. पन्नाशी उलटलेल्या, काळा कोट, काळे बूट, काखेत पिशवी. आल्या त्याच बार उडवत.

"पहिल्या पायरीचा वर्ग हाच ना? वयाची अट असेल तर आत्ताच दाखवा, म्हणजे मी ती मोडून काढते."

"अट एकच आहे," सेन्सेई म्हणाल्या, "बूट काढा."

बाई हसल्या. मी ओळखलं, या टिकणार.

त्या का आल्या ते दुसऱ्या आठवड्यात कळलं. लंबू लेस सोडत होता आणि बाई माझ्या कडेला हात टेकून एकेक बूट काढत होत्या.

"काकू, या वयात जपानी? नोकरीबिकरी बघताय की काय तिकडे?"

"नोकरी तू बघ रे लंब्या. मला नात आहे."

मुलगा जपानात नोकरीला गेला, तिथलीच सून केली, तिथेच राहिला. नात सहा वर्षांची. तान्ही असताना एकदा आणली होती, त्यानंतर भेट ती फोनच्या पडद्यावर. आणि पडद्यावर आजी दिसली की नात सोफ्याच्या मागे.

"मी विचारते, काय जेवलीस गं? लेक ते तिला सांगतो, ती त्याला काहीतरी सांगते, मग तो मला सांगतो, 'आई, ती म्हणते, काही नाही.' एवढा समुद्र ओलांडून माझ्यापर्यंत काय पोचतं? काही नाही!" बाईंनी दुसरा बूट माझ्यावर आपटला. "जन्मभर मी दुसऱ्यांच्या वतीनं बोलले. नातीशी बोलायला मला मध्ये वकील नको."

सत्र संपता संपता ती सगळी येणार होती, पंधरा दिवसांसाठी. तोवर बाईंना बोलता यायला हवं होतं. नाहीतर नात आजीच्या घरी येऊनही सोफ्यामागेच राहणार, ही त्यांची धास्ती.

बाई पेटून अभ्यासाला लागल्या. पण पुस्तक कसलं होतं म्हणता! त्यातली सगळी माणसं कोट घातलेली. बँक कुठे आहे, गाडी किती वाजता, मी अमुक कंपनीचा तमुक, आपली भेट झाली, आनंद झाला. एकदा बाई वर्गातून तणतणतच बाहेर आल्या, मागोमाग सेन्सेई.

"सेन्सेई, अख्ख्या पुस्तकात मूल कुठे आहे? एक माणूस दुसऱ्याच्या मांडीवर बसत नाही!"

"अभ्यासक्रम समितीनं ठरवलाय, वकीलबाई."

"समितीत कुणाला नातवंडं नाहीत?"

"ते विचारायचा मला अधिकार नाही. आणि मी लाडाचं बोलणं शिकवलं, तुम्ही तोंडी परीक्षेत तेच परीक्षकांना म्हणालात तर? आधी रीतसर बोला."

इथे मी बाईंच्या बाजूचा. जगातलं प्रत्येक माणूस आपली भाषा मांडीवर बसून शिकतं, आणि विद्यापीठ तीच भाषा ऑफिसच्या दारातून शिकवतं. हा शहाणपणा कुणाचा, याची चौकशी व्हायला हवी.

व्हिजिटिंग कार्ड देण्याघेण्याचा धडा तर आठ दिवस चालला. उभं राहायचं, कार्ड दोन्ही हातांत धरायचं, अक्षरं समोरच्याकडे, कमरेतून वाकायचं, नाव सांगायचं. समोरच्याचं कार्ड दोन्ही हातांनी घ्यायचं, नीट वाचायचं. लंबूनं आपलं कार्ड बाईंना दिलं. बाईंनी घेतलं, कानामागचं पेन काढलं आणि सवयीनं त्यावर खरडलं.

लंबू वाकून बघू लागला.

"हे काय लिहिलंत?" सेन्सेईंचा आवाज.

"पुढची तारीख टाकली."

"अहो, कार्ड म्हणजे तो माणूस! तुम्ही त्याच्या कपाळावर तारीख लिहिलीत."

"काकू," लंबू म्हणाला, "निदान निकाल तरी लावा."

वर्ग खदखदून हसला. बाईही हसल्या, पण मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्या वर्गाच्या आधी येऊन माझ्यासमोर सराव करू लागल्या. टाचा जुळवून उभ्या राहत, वाकत, स्वतःचं नाव सांगत, कार्ड पुढे करत. माझ्यापुढे लोक वाकतात ते लेस बांधायला. आदरानं वाकणाऱ्या या पहिल्याच. मी शक्य तितका ताठ उभा राहत असे.

लिपीही बाई अशाच शिकल्या. जपानीची सर्वात सोपी अक्षरं, जी तिथली मुलं शाळेत सुरुवातीला गिरवतात, तेवढीच बाईंना वाचता येऊ लागली. तीही बोट ठेवून, एकेक अक्षर साक्षीदारासारखं पिंजऱ्यात उभं करून.

तोंडी परीक्षेच्या दिवशीच लेकाचं विमान उतरायचं ठरलं. बाईंनी त्याला कळवलं, "थेट विद्यापीठात या. मी पेपर सोडणार नाही आणि तुम्हाला भेटायला संध्याकाळपर्यंत थांबणारही नाही."

बाई आत परीक्षकांसमोर बसल्या आणि ती तिघं जिना चढून आली. लेक बॅगांनी वाकलेला, सूनबाई झोपेनं पेंगुळलेल्या, आणि मध्ये नात. कपाळावर सरळ कापलेले केस, पाठीवर छोटी पिशवी. आत जायचं नव्हतं तरी दाराच्या फटीतून चटया दिसल्या म्हणून तिनं बूट काढले. माझ्या सगळ्यात खालच्या फळीवर इवलासा जोड आला. लंबूच्या बुटांशेजारी तो होड्यांशेजारच्या कागदी होडीसारखा दिसत होता. मग ती बापाच्या पायाला बिलगून उभी राहिली.

दार उघडलं. वकीलबाई बाहेर आल्या. परीक्षा चांगली गेली होती, चेहरा तसा सांगत होता. उरलेलं एक कार्ड अजून हातातच होतं. आणि समोर नात.

या क्षणाला काय करायचं ते बाईंनी ठरवून ठेवलं होतं. खाली बसायचं, हात पसरायचे, लेकाकडून विचारून घेतलेला लाडाचा एक शब्द म्हणायचा. यातलं काहीच झालं नाही. शब्द पळाला. आणि सत्रभर घोटवलेलं शरीर आपोआप चालू लागलं. टाचा जुळल्या, बाई कमरेतून वाकल्या, कार्ड दोन्ही हातांत पुढे झालं आणि तोंडून आलं ते खणखणीत ऑफिसचं जपानी. मी अमुक, व्यवसायानं वकील, आपली प्रथमच भेट होत आहे, आपली कृपा असावी.

सहा वर्षांच्या पोरीला!

"आई, अगं काय करतेस?" लेक ओरडला. "नात आहे तुझी ती, बँकेची मॅनेजर नाही!"

मागे लंबूनं तोंडावर हात दाबला, पण हसू फुटलंच. परीक्षेसाठी थांबलेला सगळा कॉरिडॉर हसला. मी खालून बघणारा, मला वाकलेल्या माणसांचे चेहरे दिसतात. बाई हसत नव्हत्या. त्यांनी कार्ड मागे घ्यायला सुरुवात केली.

नात हसली नाही. तिनं बापाचा पाय सोडला. मोज्यांवर चार पावलं पुढे आली, पाय जुळवले आणि अशी वाकली की कपाळावरचे केस पुढे लोंबले. मग शाळेत म्हणतात तशा स्वच्छ, लांबवलेल्या आवाजात तिनं आपलं नाव सांगितलं, इयत्ता सांगितली, तुकडी सांगितली आणि आपली कृपा असावी म्हणाली. सत्रभर दाराशी ऐकून मला एवढं समजू लागलं होतं.

"हिला शाळेत घातलंय का यंदा?" सेन्सेईंनी दारातूनच लेकाला विचारलं.

"हो, पहिलीत. का?"

"सुरुवातीला त्यांना हेच शिकवतात. उभं राहायचं, ओळख करून द्यायची, वाकायचं. तिचीही पहिलीच पायरी आहे. हसू नका दोघींना."

नातीनं कार्ड दोन्ही हातांनी घेतलं. खूप वेळ पाहिलं. आणि एकदम गडबडली, कारण घेतलं तर द्यायला हवं, आणि तिच्याकडे कार्ड कुठलं? तिनं आईकडे पाहिलं. सूनबाई शहाण्या, मध्ये पडल्या नाहीत. मग तिनं पाठीवरची पिशवी काढली. पिशवीला शाळेची नावाची पट्टी टाचलेली होती. ती खटपट करून सोडवली आणि दोन्ही हातांनी आजीपुढे धरली.

"ती पट्टी विमानात झोपतानाही काढू देत नव्हती," लेक हळूच म्हणाला.

बाई खाली बसल्या, माझ्या शेजारी, सरळ जमिनीवर, कोटासकट. पट्टीवरची अक्षरं पहिलीतल्या मुलांची होती, म्हणजे बाईंना येणारीच. त्यांनी पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. वाचलं. दुसरं वाचलं. नातीला त्या आजवर लेकानं शिकवलेल्या लाडाच्या नावानं हाक मारत आल्या होत्या. खरं नाव अक्षरं लावून वाचायची ही पहिलीच वेळ. तिसऱ्याशी अडल्या, चुकीचं वाचलं. नातीनं मान हलवली, आणखी जवळ सरकली, आजीच्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि ते अक्षर म्हणून दाखवलं. आजीनं पुन्हा म्हटलं. नात पुन्हा म्हणाली, जरा जोरात.

"आई, ते असं आहे बघ..." लेक पुढे आला.

बाईंनी वर न बघताच हात केला. "तू गप्प बस. तुझं वकीलपत्र रद्द."

त्याला आता आठवडा झाला. सुट्टी लागली आहे, वर्ग बंद आहे, पण सेन्सेईंनी खोलीची किल्ली बाईंना दिली आहे. घरी पाहुणे येतात, लेक मध्ये मध्ये बोलतो, म्हणून आजी-नात दुपारी इथे येतात. दार लोटून घेतात, त्यामुळे आत काय चालतं मला दिसत नाही. ऐकू येतं ते अर्धं जपानी, अर्धं मराठी आणि बाकी सगळं हसणं. समितीवरचं माझं म्हणणं मात्र मी मागे घेतलेलं नाही. पोरीनं सांभाळून घेतलं म्हणून पुस्तक निर्दोष ठरत नाही.

आज खाली बुटांसाठी लोखंडी कपाटं उतरली आहेत, कुलपाची, नंबर घातलेली. विभागप्रमुखांनी मागवली. शिपाई हातगाडी घेऊन मघाशी वर आला, मला एक धक्का देऊन बघून गेला. पुन्हा येईल. येऊ दे. जिन्याखालची जागा मला नवी नाही, सरपण केलंत तरी कुरकुर करणार नाही.

फक्त आत्ता नको. आत्ता माझ्यावर दोन जोड आहेत, एक मोठा काळा आणि एक इवलासा. आत कुणीतरी कुणाला तरी गोष्ट सांगतंय आणि मध्ये कुणी भाषांतर करत नाहीये. त्या दोघी बाहेर येऊन पायात घालतील, मग खुशाल उचला मला.