गोजरबाईचा जबाब

"तुम्ही इथं नाही," कारकून म्हणाला आणि फायलीतल्या एका ओळीवर त्यानं बोट ठेवलं.

वृषालीनं समृद्धीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि खिडकीत डोकं घालून ती ओळ वाचली. 'सदर परदेशी महिला प्रसूतीकरिता माहेरी गेली असल्याचे तिची सासू सारजाबाई हिने समक्ष सांगितले.' खाली हवालदाराची सही. शेजारी समासात तांबड्या शाईनं, वेगळ्याच हातानं लिहिलेले दोन शब्द: 'देश सोडला.'

"पण मी इथं आहे," वृषाली म्हणाली.

"ते मला दिसतंय. फायलीला दिसत नाही."

मागं उभे असलेले तिचे सासरे धर्माजी पुढं सरकले. टोपी काढून झटकली, परत घातली. सुनेबरोबर पुण्याच्या या परदेशी नोंदणी कचेरीत यायची ही त्यांची अकरावी खेप. मुलगा भरत मंचरला दूध डेअरीत नोकरीला, त्याला रजा मिळायची नाही, म्हणून ही कामगिरी त्यांच्याकडं आली होती. आणि निमगाव सावा ते पुणे एवढ्या हेलपाट्यांत एसटीची तीन टायरं आपण एकट्यानं झिजवली, असं ते पारावर शपथेवर सांगत.

"सायेब, ही गेली व्हती वारूळवाडीला. नारायणगावाच्या कडंला. आमच्या दारातनं हाक मारली तर तिथं ओ देत्यात."

"अर्जात माहेर मॉरिशस लिहिलंय. तुमच्याच सुनेच्या सहीनं."

"ते जल्माचं. हे मानलेलं."

"मानलेल्याला रकाना नाही, आजोबा."

वृषालीनं आवाज खाली ठेवला. या खिडकीवर आवाज चढवला की फाईल तळाशी जाते, हे ती दुसऱ्याच खेपेला शिकली होती. "साहेब, माझा पासपोर्ट अकरा महिने तुमच्या कपाटात आहे. मुलगी आठ महिन्यांची आहे. पासपोर्टाशिवाय मी विमानात कशी बसले?"

"तोच प्रश्न वरचे विचारतील. म्हणून म्हणतो, जपून बोला."

तिनं पिशवीतून जन्माचा दाखला काढला. वारूळवाडी ग्रामपंचायतीचा, शिक्क्यासकट. कारकुनानं तो मनापासून वाचला.

"हा मुलीचा. मुलगी इथं होती, हे मान्य. तुमचं काय?"

"म्हंजी पोर एकटीच जल्मली का?" धर्माजी म्हणाले.

कारकुनानं वर पंख्याकडं पाहिलं. पंखा इतका सावकाश फिरत होता की त्याची पाती मोजता येत होती. माणूस तसा वाईट नव्हता. त्यानं दाखला घडी घालून परत दिला. "हे बघा, आधीच्या जबाबाला छेद देणारा दुसरा जबाब आणा. जिथं राहिलात त्या बाईचा. हवालदाराच्या समोर, अंगठ्यासकट. नाहीतर पाच वर्षं आजपासून पुन्हा मोजायची."

पाच वर्षं. वृषाली पंचाण्णव साली लग्न करून आली. सलग पाच वर्षं नांदली की कायमचा कागद मिळणार होता, आणि ती पाच वर्षं येत्या मे महिन्यात भरत होती. तोवर वर्षाला एक अर्ज, अर्जाला चार फोटो, फोटोत उजवा कान दिसला पाहिजे. तिच्या खापरपणजोबाला रत्नागिरीच्या बाजूनं ऊस तोडायला जहाजात बसवला, तेव्हा एक अंगठा पुरला होता. त्याच्या वंशातली एक पोर तेवढी माघारी आली, तर तिच्या कानाचीसुद्धा चौकशी.

दिवाळीत तिकडं तिच्या आईला अर्धांगाचा झटका आला. भावाच्या पत्राखाली आईनं डाव्या हातानं एक वाकडं वर्तुळ काढलं होतं, आणि भावानं त्याखाली लिहिलं होतं, 'आई म्हणते हे नातीचं तोंड आहे, नाकडोळे तू येऊन भर.' तिचा व्हिसा एकदा आत येण्यापुरताच होता. कागद न घेता गेली असती तर परत कधी येता आलं असतं, ते त्या पंख्यालाच माहीत. म्हणून ती गेली नाही. आणि आता सरकारच्या लेखी ती जाऊन, बाळंत होऊन, आईला भेटून आली होती. आईला तेवढं कळवायचं राहिलं होतं.

गोजरबाई तिला एसटीत सापडली. लग्नाला दोन महिने झाले असतील. मंचरला गाडी हलली तेव्हा वृषालीला या मुलखात माहेर नव्हतं. कळंबला शेजारच्या बाईनं विचारलं, "माहेर कुठलं गं बाय?" वृषालीनं शाळेत शिकलेल्या मराठीत समुद्र, बेट, विमान असं सगळं सांगितलं. बाईनं मांडीवरचं कोकरू तिच्या मांडीवर ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मला चार पोरं. चार सुना आल्या, त्या आपापल्या माहेरच्या. लेक न्हाई." नारायणगावला गाडी थांबेपर्यंत माहेर वारूळवाडी झालं होतं. पहिल्या दिवाळीला गोजरबाईचा थोरला न्यायला आला, पंचमीला धाकटा. सातव्या महिन्यात ती स्वतः आली आणि ओटी भरून घेऊन गेली. तिच्याकडं आता पाचच मेंढ्या उरल्या होत्या. बाळंतिणीला शेक द्यायचा म्हणून त्यांनाही बाहेर बांधून तिनं खोली रिकामी केली.

पुण्याहून घरी आल्यावर सारजाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी तव्यावर जरा जास्तच जोरात टाकली.

"मी काय खोटं बोलले? पयलं बाळंतपण माहेरीच असतं. त्यो हवालदार इथं, ह्या पाटावर बसून दोन कप च्या प्याला. सून कुठाय म्हणला. मी म्हणले, माहेरी गेलीय. कुठलं माहेर, त्यानं इचारलं का?"

"आत्याबाई, तुम्हाला कुणी काही म्हणत नाही," वृषाली म्हणाली.

"म्हणायचं बी न्हाई. माहेर असून न्हाई म्हणले असते, तर गावानं तोंडात शेण घातलं असतं."

धर्माजींनी हवालदाराला नारायणगावच्या स्टँडवर गाठलं. भगवंत हवालदार लठ्ठ आणि भित्रा, रिटायर व्हायला वर्ष राहिलेला. त्यानं आधी हात वर केले.

"म्या 'माहेरी' लिवलं. 'देश सोडला' म्या न्हाई लिवलं. तांबडी शाई आमाला मिळतच न्हाई."

"मग आता तुझ्या काळ्या शाईनं दुरुस्त कर."

भगवंतनं डोकं खाजवलं. वारूळवाडीला माहेर आहे असं आता लिहिलं, तर आधीच का नाही विचारलं म्हणून साहेब त्याला धरणार. त्यानं दोन दिवस घेतले आणि सोमवारी दुपारी गोजरबाईच्या अंगणात बाजेवर बसून लिहून आणलेला कागद बाहेर काढला. वृषाली समृद्धीला घेऊन उंबऱ्यात बसली होती. धर्माजी भिंतीला टेकून उभे होते. गोजरबाई मेंढीच्या खुरातला काटा काढत होती. तिनं मेंढी सोडली नाही.

"वाच," ती म्हणाली.

"मी, गोजरबाई, वय अंदाजे साठ, लिहून देते की, सदर महिला माझी मुलगी नाही. माझे घर तिचे माहेर नाही. तिचा माझा काहीही नातेसंबंध नाही. ती केवळ दवाखान्याच्या सोयीसाठी तीन महिने माझ्याकडे राहिली."

काटा निघाला होता, तरी गोजरबाई खूर चाचपत राहिली.

"परत वाच."

भगवंतनं परत वाचलं, जरा हळू.

"त्यातलं 'काहीही' काढ की."

"आजी, 'काहीही' काढलं तर वरचे इचारत्यात, मग थोडंफार काय हाय."

वृषाली उठली. "आई, नका देऊ अंगठा. मी पाच वर्षं परत मोजते. मोजायची सवय झालीय मला."

"तू गप. मोठी माणसं बोलत्यात, लेकीनं मधी पडू न्हाई."

भगवंतनं कागद खाली केला. "आजी, माझ्यासमोर असं बोलू नगा. मला ऐकू येतं."

"मग कान तिकडं फिरीव."

भगवंतनं खरंच मान वळवून कडुलिंबाकडं पाहिलं. धर्माजींनी टोपी काढली, पण झटकायची विसरले. मेंढी सुटून गेली. गोजरबाई हात पुसत बाजेपाशी आली आणि कागदाकडं पाहत उभी राहिली. अक्षरं तिला येत नव्हती, पण कुठल्या ओळीत काय आहे ते तिला कळत असावं. तिची नजर मधल्या ओळीवर होती.

"ह्यानं तिला तिच्या आईकडं जाता यील?"

"यील."

"आन माघारी?"

"माघारी बी. त्याचाच तर कागद हाय, आजी."

"म्हातारीचं एक अंग गेलंय म्हणत्यात," गोजरबाई म्हणाली. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. मग तिनं अंगठा पुढं केला.

भगवंतनं खिशातून पॅडची डबी काढली. शाई जांभळी, ताजी, अंमळ जास्तच भरलेली. त्यानं तिचा अंगठा धरून पॅडवर फिरवला, कागदावर दाबला, उचलला. ठसा असा उमटला की त्यातल्या रेघा उंबऱ्यातून मोजाव्यात.

"पुसायला फडकं द्या कुणीतरी," भगवंत म्हणाला.

धर्माजींनी खांद्यावरचं उपरणं पुढं केलं. गोजरबाईनं ते घेतलं नाही. ती उंबऱ्याशी गेली, खाली बसली, समृद्धीची हनुवटी डाव्या हातात धरली आणि अंगठा तिच्या उजव्या गालावर टेकवला. नीट, हलक्या हातानं, बाळाला रोज तीट लावतात तसा.

"एवढ्या परक्या लोकांत नेतीस पोरीला," ती वृषालीला म्हणाली, "आन तीट लावत न्हाईस."

मग आत जाऊन तिनं सुपात तांदूळ घेतले, वर नारळ ठेवला आणि वृषालीला पदर पसरायला सांगितलं. सासरी जाणाऱ्या लेकीला रिकाम्या पदरानं पाठवत नाहीत. भगवंत तोवर कडुलिंबाकडंच बघत होता.

ती शाई काही निघाली नाही. सारजाबाईनं डाळीचं पीठ लावून पाहिलं, खोबरेल लावून पाहिलं. वृषालीनं साबण लावलाच नाही. गुरुवारी बाराव्या खेपेला समृद्धी तो जांभळा ठिपका घेऊनच पुण्याच्या एसटीत चढली, आणि वाटेत दोन बायकांनी विचारलं, डाग जन्माचा आहे का. धर्माजींनी एकीला हो सांगितलं, दुसरीला नाही.

कारकुनानं जबाब वाचला. सावकाश, ओठ हलवत. शेवटी अंगठ्याच्या ठशावर येऊन तो थांबला. मग त्यानं मान वर केली. समृद्धीनं खिडकीच्या गजाला हात घातला होता आणि तिचा उजवा गाल बरोबर त्याच्या तोंडासमोर आला होता. गालावर अर्धा अंगठा होता, रेघांसकट. त्यानं कागदाकडं पाहिलं. परत गालाकडं पाहिलं.

धर्माजी खोकले. वृषालीनं पोरीला मागं ओढायला हात उचलला, पण ओढलं नाही.

"या बाई तुमच्या कुणी नाहीत," कारकून म्हणाला.

"तसं लिहिलंय," वृषाली म्हणाली.

"लिहिलेलं मी वाचलंय."

शेजारच्या टेबलावरचा माणूस काहीतरी विचारायला लागला, त्याला त्यानं हातानंच थांबवलं. फायलीतलं ते जुनं पान काढलं, समासातल्या 'देश सोडला'वर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, नवा जबाब वर टाचला. मग स्वतःचं पॅड पुढं ओढून शिक्का त्यावर दाबला आणि कागदावर मारला. तीही शाई जांभळीच होती.

"चौदा तारखेला या. परतीची परवानगी मिळेल. कायमचं मेनंतर बघू."

"चौदाला नक्की?" धर्माजींनी विचारलं.

"चौदाला या म्हणालो. नक्की कोण म्हणालं?"

वृषालीनं पिशवी आवरली. कारकून पुढची फाईल ओढत होता, वर न बघता तो म्हणाला, "ही शाई पाण्यानं जात नाही. आठ-दहा दिवस राहते."

"राहू दे," ती म्हणाली, आणि समृद्धीला त्या कडेवरून या कडेवर घेतलं, गाल बाहेरच्या बाजूला येईल असा.