कानामागची पेन्सिल

मी सुताराची पेन्सिल बोलतेय. चपटी, लाल, जाड शिशाची. शाळेतल्या गोल पेन्सिली जरा धक्का लागला की घरंगळतात. मी ठेवाल तिथे पडून राहते. सुतारबाबांनी मला दुकानातून आणलं, पटाशीनं टोक काढलं आणि उजव्या कानामागे खोचलं. तेच माझं घर झालं.

फळीवर रेघ मारायची की पुन्हा कानामागे. पण कामात डोकं घातलं की मी कुठे आहे हेच ते विसरायचे. भुसा उपसायचे, हत्यारं उलटीपालटी करायचे, सगळं घर डोक्यावर घ्यायचे. मग त्यांची लेक हसत म्हणायची, "बाबा, कान!"

ही लेक मोठी झाली, नोकरीला लागली आणि ऑफिस सुटल्यावर कवितेच्या वर्गाला जाऊ लागली. यमक, अनुप्रास, रूपक, सगळं शिकली. एकदा स्वतःची कविता लिहून न्यायची होती. तिनं मलाच मागून घेतलं आणि पहिली ओळ लिहिली, 'बाबा कानामागची पेन्सिल घरभर शोधतात.'

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पण तिनं नाक मुरडलं. "यात अलंकार कुठाय?" असं पुटपुटत ती ओळ खोडली, तीही माझ्याच टोकानं. मग 'विशाल वृक्षा, विश्वाच्या विसाव्या' असं जे सुरू झालं, ते थांबेचना. वर्गात टाळ्या पडल्या म्हणे.

घरी येऊन तिनं ती बाबांना वाचून दाखवली. मी परत माझ्या जागी होते. बाबांनी रंधा बाजूला ठेवून मन लावून ऐकलं.

"छान आहे गं. कुणावर आहे?"

तिचा चेहराच पडला. "असंच... एका झाडावर."

"मोठं दिसतंय. फळ्या चांगल्या निघतील."

दोघंही हसले. नंतर कधीतरी सांगू, असं तिला वाटलं असावं. मी त्यांच्या कानाला अगदी चिकटून होते, पण मला कुठे बोलता येतं? त्याच हिवाळ्यात बाबा गेले. ती कविता आपल्यावर होती, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आता मी बोटभर उरलेय. परवा लेकीनं मला घेऊन ती खोडलेली ओळ पुन्हा लिहिली. खाली एवढंच लिहिलं:

'मी म्हणते, बाबा, कान!
ते हात लावून बघतात,
आणि माझ्याकडे बघून लाजतात.'

बाबांच्या रिकाम्या कारखान्यात तिनं ती मोठ्यानं वाचली आणि ढसाढसा रडली. माझं एक ऐका. कविता ज्याच्यावर असेल, त्याला तसं सांगून टाका, आजच.

मला तिनं खिडकीत ठेवलंय, येता-जाता दिसेन अशी. आता मला कुणी शोधत नाही.