माझ्यातली बाई जिवंत आहे

मित्रांनो, मला बघून हात जोडू नका. मी सागाच्या चौकटीतला एक जुना फोटो आहे, आणि चौकटीवर हाराच्या दोऱ्याची खूण आहे, हे खरं. पण माझ्यातली बाई जिवंत आहे.

माझा जन्म अकोल्यात गयासुद्दीनभाईंच्या स्टुडिओत झाला. कौशल्याबाई तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या आणि त्यांना नाटकातल्या अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं होतं. भाईंनी अर्धा तास दिवे हलवले. शेवटी म्हणाले, "बाई, हसू नका. हसू येऊन राहिलं, एवढंच दाखवा." ते ओठांवर अडलेलं हसू माझ्यात उतरलं. पुढे वीस वर्षं मी नाटकाच्या दाराशी उभा राहिलो. चांदूर बाजारला बायका आधी मला बघायच्या, मग तिकीट काढायच्या. बाईंना दोन-तीन सिनेमेही मिळाले.

मग नाटकं कमी झाली आणि मी घरच्या भिंतीवर आलो. सकाळी देवापुढे दिवा लावला की बाई पदराने माझी काच पुसत. सोमवारचा उपास धरत आणि महादेवाजवळ एकच मागत, पुन्हा एकदा तरी तोंडाने बोलायचं काम मिळू दे.

काही वर्षांपूर्वी चिखलदऱ्याला एका मालिकेचं शूटिंग आलं. बाई मला पिशवीत घालून काम मागायला गेल्या. दिग्दर्शकाने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझ्याकडेच बघत राहिला. मालिकेतल्या मुलीची आई मेलेली होती. तिचा फोटो हवा होता.

बाईंनी मला नवी काच बसवायला गयासुद्दीनभाईंकडे नेलं. भाई आता थकले होते. म्हणाले, "जित्या माणसाच्या फोटोले हार चढवत नाई, बाई. जनम गेला माहा या धंद्यात."

"कामच हाय ना ते, भाऊ," बाई म्हणाल्या. "आज फोटो मांगतला, उद्या मले बोलावतीन."

तीन वर्षं मी चिखलदऱ्याच्या एका बंगल्यात टांगलेला होतो. गळ्यात चंदनाचा हार, खाली विजेची पणती. धुकं खिडकीतून आत येऊन माझ्या काचेवर बसायचं. मालिकेतली मुलगी रोज माझ्यापुढे रडायची आणि मी अडलेलं हसत राहायचो. तिकडे अकोल्यात शेजारच्या तानुबाई टीव्हीवर मला हात जोडायच्या, कौशल्याबाईंच्याच मांडीला मांडी लावून. हे पुढे बाईंनीच मला सांगितलं.

एकदा त्या पुन्हा काम मागायला आल्या. दारात त्यांना बघून दिवे लावणारा माणूस दोन पावलं मागे सरकला. दिग्दर्शक हळूच म्हणाला, "बाई, लोकांनी तुम्हाला मेलेलं पाहिलंय. आता बोलायला कसं लावू?"

बाई माझ्याखाली येऊन उभ्या राहिल्या. काचेत त्यांचा सुरकुतलेला चेहरा माझ्या तरुण चेहऱ्यावर येऊन बसला. आमच्या दोघांपैकी हार कुणाच्या गळ्यात आहे, ते क्षणभर मलाही कळेना.

मालिका संपली. मंडळी गेली. मला कुणी परत पाठवलं नाही. नाटकाचं सामान भाड्याने देणाऱ्या सहदेवने मला अमरावतीला नेलं, हारासकट. लाकडी तलवारी आणि एका रिकाम्या पाळण्याशेजारी मी अंधारात पडून राहिलो. तिथे मला वाटू लागलं, बाई खरंच गेल्या असतील. फोटोला सुतकाचा निरोप कोण देणार?

तिथूनच भगवंतने मला उचललं. तो अमरावतीत नाटक बसवतो. दिवंगत कलावंतांच्या आठवणीचा कार्यक्रम होता. माझ्या पाठीवर लिहिलेलं बाईंचं नाव त्याने वाचलं, पण त्या कधी गेल्या, हे कुणालाच विचारलं नाही. हार होता ना.

संध्याकाळी त्याने माईकवर बाईंचं नाव घेतलं आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. सगळे उठले. तिसऱ्या रांगेत कौशल्याबाई बसल्या होत्या; अमरावतीत राहणाऱ्या भाचीने त्यांना कार्यक्रम बघायला आणलं होतं. त्याही उठल्या. सभागृह इतकं शांत होतं की भाचीची, पौर्णिमाची, कुजबुज मला ऐकू आली.

"आत्या, तुमी काहून उभ्या झाल्या? सांगा ना त्याईले."

"थांब वं. होऊ दे दोन मिनिटं. माह्यासाठी एवढे लोक कधी उभे झाले होते?"

मग त्या हळूहळू पायऱ्या चढून वर आल्या. भगवंतचा चेहरा उतरला. "मावशी, चुकलं आमचं."

"हार काढ, बापू," बाई म्हणाल्या. "दोन मिनिटं उभे राह्यले, आता दहा मिनिटं बसून आयका."

त्यांनी बक्षिसाच्या नाटकातलं आईचं भाषण सुरू केलं. मध्येच पुढचं वाक्य विसरल्या. कुणी खोकलंसुद्धा नाही. बाईंच्या ओठांवर तेच अडलेलं हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग वाक्यही आलं.

मी आता घरी आहे. बाई भगवंतच्या नव्या नाटकात आजीचं काम करतात. चांगली चार पानं बोलायची आहेत. सोमवारचा उपास मात्र सोडलेला नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या फोटोंची धूळ पुसलीत तर बरं वाटेल. नाही पुसलीत तरी चालेल. पण कुणाला हार घालण्याआधी त्यांच्या दाराची कडी एकदा वाजवून बघा. आतून कुणीतरी "कोण हाय?" म्हणेल.

अजूनही सकाळी दिवा लावून बाई माझ्यापाशी येतात. काच पुसायला पदर उचलतात, आणि रोज त्यांचा हात आधी स्वतःच्या गळ्याकडे जातो.