टोपी तळाला टेकली का?

रविवारी सकाळी शेडमधल्या बाकावर रायफलच्या काडतुसांच्या एकशे नव्वद रिकाम्या पितळी पुंगळ्या उभ्या होत्या. ऐंशी नव्या, गेल्याच वर्षी घेतलेल्या. एकशे दहा जुन्या, आठ-नऊ वेळा भरून उडवलेल्या. शेजारी दारू पेटवणाऱ्या टोप्यांची तीन बंद खोकी आणि एक उघडं, त्यात अडतीस. खोली मोजायचा एक डायल गेज. आणि टोप्या बसवायची दोन अवजारं: एक एल्वा नोस्केचं स्वतःचं, एकतीस वर्षं वापरलेलं, दुसरं ग्लेंडाचं.

ग्लेंडाच्या अवजाराला एल्वाने अजून हात लावला नव्हता. शनिवारी संध्याकाळी नेमबाजीच्या मैदानावरून निघताना ते तिला स्वतःच्या गाडीच्या सीटवर पडलेलं दिसलं, चहाच्या फडक्यात गुंडाळलेलं. ग्लेंडा क्लबची कॅप्टन. बोलायचं ते तिने त्याआधीच बोलून घेतलं होतं.

झालं होतं असं, की सहाशे यार्डांवर एल्वाच्या बारा काडतुसांपैकी दोन उडालीच नाहीत. चाप ओढला, सुई टोपीवर आपटली, नुसतं 'टक्' झालं. अशा वेळी रायफल निशाण्यावरच रोखून अर्धा मिनिट थांबायचं, हा नियम. तेवढ्यात तिने वाचलेला वारा निघून गेला. मग तिने पुन्हा खटका ताणला, पुन्हा चाप ओढला, आणि दोन्ही काडतुसं दुसऱ्या माराला उडाली. त्यातलं एक पाचऐवजी गेलं पार तीन गुणांच्या वर्तुळात. तीन आठवड्यांपूर्वीही एकदा असंच झालं होतं. तेव्हा तिने सुईची स्प्रिंग म्हातारी झाली म्हणून नवी मागवून बसवली होती.

बेंडिगोच्या सामन्याला क्लबचे चौघे जातात. एल्वा तेवीस वर्षं त्या चौघांत होती. ग्लेंडाने सांगितलं, येत्या शनिवारी तू आणि मर्व्ह दोघं माझ्यासमोर पालथे झोपून नेम मारा. तुझं एक जरी काडतूस पहिल्या माराला उडालं नाही, तर मर्व्ह जाईल. सगळी उडाली, तर ज्याचे गुण जास्त तो.

मर्व्ह एल्वाचा धाकटा भाऊ. कुंपणापलीकडचा गहू त्याचा. तो दुपारी आला तो काखेत खोकं घेऊन. त्यात तिसरं अवजार होतं, साडेतीनशे डॉलरचं, अजून तेलाचा वास असलेलं. मुठीला एक कडं. ते एक घर फिरवलं की 'किट्' वाजायचं आणि टोपी एक हजारांश इंच खोल बसायची. मर्व्हने ते बाकावर ठेवलं आणि किटली चढवली. पाणी उकळलं. मग त्याने विचारलं, दोन्ही दुसऱ्या माराला उडाली ना?

हो, एल्वा म्हणाली.

"मग अंगण वाकडं नव्हतं, एल्व्ह."

तिला कळलं. खरं तर शनिवारीच कळायला हवं होतं. पुंगळीच्या बुडात एक खळगा असतो, टोपी त्यात दाबून बसवायची आणि ती तळाला टेकली पाहिजे. अधांतरी राहिली, तर सुईचा पहिला मार तिला तळाशी ढकलण्यातच संपतो. पेटते ती दुसऱ्या माराला. क्लबात नवीन आलेल्या प्रत्येकाला एल्वाच हे शिकवायची. टोपी टेकली की हाताला कळतं, असं ती म्हणायची, आणि अवजाराचा दांडा अंगठ्याने दाबून दाखवायची.

"माझ्या टोप्या टेकतात," ती म्हणाली.

"मोज मग."

तिने मोजलं. नव्या पुंगळ्यांतल्या चाळीस घेतल्या, कारण त्यांचे खळगे अजून सारखे होते. आपल्या जुन्या अवजाराने, दारू न भरता, एकामागून एक चाळीस टोप्या बसवल्या आणि ज्या क्रमाने बसवल्या त्याच क्रमाने मांडल्या. मर्व्हने गेज धरला, तिने आकडे लिहिले. टोपी बुडाच्या पातळीपासून किती खाली गेली, इंचाच्या हजारांशांत. पहिल्या अठरा: चार, चार, चार. एकोणिसावी तीन. तिसाव्यापर्यंत तीनच. तिसाव्यानंतर दोन आणि एक. सदतिसावी शून्य. एकोणचाळिसावी वरच राहिली होती, बोट फिरवलं तरी लागत होती.

मर्व्हने हसावं म्हणून ती थांबली. तो हसला नाही. बशीतलं बिस्कीट चहात बुडवून ते तुटेपर्यंत बघत बसला.

"अंगठा," तो म्हणाला. "किती दिवस?"

"दोन हिवाळे."

"आणि म्हणून नाताळात जॅमची बरणी गुडघ्यांत धरून उघडत होतीस."

"तू बघितलंस?"

"सगळ्यांनी बघितलं, बाई. तुला सांगणार कोण? हातात कायम रायफल."

ती हसली, आणि मग अंगठ्याच्या बुडाचा सांधा दुसऱ्या हाताने चोळत तिने सगळं सांगितलं. डॉक्टरने झीज म्हटलं होतं. सकाळी बरा असतो, वीस-एक टोप्यांनंतर ठणका लागतो, मग हात आपणहूनच कमी दाबतो आणि तिला वाटत राहतं की तितकाच दाबला. हे शेवटचं तिला आकडे बघेपर्यंत माहीत नव्हतं. ती पुन्हा कागदाकडे बघायला लागली. घसरण किती सरळ होती, एकही उलटी उडी नाही. जरा वेळ ती दुखणं विसरून त्याच्याकडेच बघत राहिली.

रोज फक्त पंधराच बसवल्या तर, असं तिने विचारलं. मर्व्ह म्हणाला, चालेल, आणि अंगठ्याने ऐकलं तर पुढच्या हिवाळ्यात दहा. त्यापेक्षा हे घे. त्याने कड्याचं अवजार तिच्यापुढे सरकवलं. यात ताकद लागत नाही, हाताला काही कळायचीही गरज नाही. चारवर लाव आणि दाब.

एल्वाला तेच नको होतं, पण नको म्हणायला कारण हवं होतं. तिने वीस नव्या आणि वीस जुन्या पुंगळ्या घेतल्या, आळीपाळीने ठेवल्या आणि कडं चारवर लावून सगळ्यांत टोप्या बसवल्या. चाळीसच्या चाळीस चार. मर्व्ह गेजवरून डोकं न उचलता म्हणाला, की चर्चमध्येसुद्धा लोक इतके एका ओळीत बसत नाहीत.

आता तिने फडक्यातून ग्लेंडाचं अवजार काढलं. त्याची मूठ चारही बोटांनी आवळायची होती; अंगठा नुसता मागे टेकलेला. त्याच चाळीस पुंगळ्या त्यात एकेक धरून तिने पुन्हा हळू आवळल्या. नव्या जागच्या हलल्या नाहीत. जुन्या हलल्या. पहिली हलली तेव्हा तिला ते मुठीत कळलं. जाड बुटांनी नांगरटीतून चालताना ढेकूळ फुटलं की कळतं तसं, अंगठ्याला कळायचं तितकं लख्ख नाही, पण कळलं. आणि मग तळ लागला.

गेजवर वीस जुन्यांपैकी नऊ पाचवर गेल्या, आठ सहावर, तीन सातवर.

मर्व्हने तीनदा मोजून पाहिलं.

आठ-नऊ वेळा साफ करून करून जुन्यांचे खळगे खोल झाले होते, आणि प्रत्येकाचा वेगळा. कडं वरून मोजत होतं. तळ कुठे आहे हे त्याला माहीतच नव्हतं.

"म्हणजे तुझे साडेतीनशे डॉलर फार सुंदर मोजतात," एल्वा म्हणाली, "पण चुकीच्या टोकापासून."

मर्व्ह म्हणाला, जुन्यांसाठी कडं सातवर लाव. मग पाचवाल्यांच्या टोप्या चेचल्या जातील, ती म्हणाली. दर पुंगळीला आधी विचारायचं का, बाई तुझा तळ किती? त्यावर त्याने नव्याच वापर म्हटलं. वापरीन, पण त्याही कधीतरी जुन्या होणारच, ती म्हणाली. शेवटी त्याने दोन हजारांशाने काय होतं असं विचारलं, आणि विचारून झाल्यावर आपणच हार मानत हात वर केले.

ग्लेंडाच्या अवजाराची खरी परीक्षा बाकी होती. एल्वाने चाळीस जुन्या पुंगळ्या घेतल्या आणि चहाला न थांबता सलग बसवल्या. मर्व्हने मोजल्या. मग त्याने स्वतःच्या दणकट हाताने प्रत्येक टोपी पुन्हा आवळून पाहिली आणि पुन्हा मोजल्या. एकही हलली नव्हती. चाळिसावीसुद्धा नाही. तिची बोटं दमली होती, अंगठा शांत होता.

"आता मी माझं काय करू?" मर्व्हने कड्याचं अवजार उचलून विचारलं.

"नव्या पुंगळ्या घे. त्याला जोडीला लागतील."

"येत्या शनिवारी तुझं एक जरी उडालं नाही तर बेंडिगोला मी जातो. म्हणजे आज गप्प बसलो असतो तर मीच गेलो असतो. हे लक्षात ठेव."

"ठेवीन," ती म्हणाली. बराच वेळ दोघं पुंगळ्या खोक्यात भरत राहिली. तिच्या हातून एक निसटली ती त्याने उचलून दिली. जाताना तो म्हणाला, वारा वाचायला मी तुला काही मदत करणार नाही बरं का; आणि ती म्हणाली, तू केलीस तर मी नक्की हरेन.

सोमवारी तिने ग्लेंडाला फोन करून अवजार आठवडाभर ठेवू का म्हणून विचारलं. ग्लेंडा म्हणाली, ठेव, मला घाई नाही. अंगठ्याबद्दल एल्वाने आपणहून सांगितलं. ग्लेंडा म्हणाली, माझी कंबर बघायला ये कधीतरी. मंगळवारी एल्वाने वीस काडतुसं भरली, दहा नव्या पुंगळ्यांत आणि दहा जुन्या.

शनिवारी वारा वायव्येचा होता, कोरडा, झेंडे कधी उभे तर कधी पडलेले. कापणीला आलेल्या गव्हावरून गलाह पोपटांचा थवा ओरडत गेला. मर्व्ह आधी झोपला. त्याची बाराही उडाली. सहाव्या गोळीला वारा पडला तो त्याला दिसला नाही, आणि नंतरच्याही दोन भरकटल्या. मग एल्वाने चटई पसरली. ग्लेंडा तिच्या मागे खुर्चीवर वही घेऊन बसली. एल्वाने मुद्दाम जुन्या पुंगळ्यांतली सहा आणि नव्यांतली सहा काडतुसं घेतली होती, मिसळून, न बघता. पहिली दोन चाचणीची, पुढची दहा गुणांची. प्रत्येक वेळी चाप ओढण्याआधी तिने झेंड्याकडे बघितलं आणि श्वास अर्धा सोडला. शेवटच्या काडतुसाला तिला जरा जास्त वेळ लागला.

ग्लेंडाने दोन ओळी लिहिल्या आणि वही दोघांना दिसेल अशी फिरवली.

मर्व्ह: बारापैकी बारा पहिल्या माराला, पन्नासपैकी सत्तेचाळीस. एल्वा: बारापैकी बारा पहिल्या माराला, पन्नासपैकी अठ्ठेचाळीस.