थंडीचा टायर

मी टायर बोलतोय. सगळं बरोबर सांगेन याची मात्र मलाच खात्री नाही. इचोड्याच्या दुकानदाराने मला 'थंडीचा' म्हटलं, की 'ठंडा'? त्या एका शब्दाने सगळा घात केला, आणि तोच मला नीट आठवत नाही.

माझा जन्म दोनदा झाला. पहिला कारखान्यात. पुढे कुणाच्या तरी जीपखाली झिजून गुळगुळीत झालो, तेव्हा कारागिरांनी फिरत्या पात्यांनी माझी पाठ सोलून तिच्यावर नवं नक्षीदार रबर चिकटवलं. हा दुसरा.

नेरडीगोंड्याचे धोंडीबा शेतातली भाजी पहाटे स्वतःच्या जीपने आदिलाबादला नेत. मथुराबाई शेजारी बसत. त्या पौषात दवाने ओल्या रस्त्यावर जीप दोनदा घसरली.

"टायर बदला जी, नाही तं मी बसत नाही," मथुराबाईंनी बजावलं.

मी इचोड्याच्या दुकानात विकायला होतो, तिथे धोंडीबा आले. "ठंडी का टायर होना, भाई."

"येइच है, चाचा!" दुकानदाराने मला थोपटलं. पुढचं अंधुक ऐकू आलं. 'ठंड' एवढं नक्की. शेजारचा कोरा टायर सोडून धोंडीबांनी मलाच उचललं. मीही फुगलो. आपण थंडीसाठीच आहोत, असं मला खरंच वाटलं.

चौथ्या दिवशी दाट धुकं होतं.

"काऊन जी एवढी दामटून राह्यले?"

"भेऊन काऊन राह्यली वं? खास थंडीचा टायर हाय!"

वळणावर करकचून ब्रेक लागला. माझ्या पाठीचं रबर सालीसारखं सुटलं, पत्र्यावर सपासप आपटलं आणि मी फुटलो. जीप तीन कोलांट्या खाऊन थांबली. वांगी, काचा, रक्त. मथुराबाईंचा उजवा हात दाराखाली चिरडला होता. कोपराखालचा हात डॉक्टरांना कापावाच लागला.

धोंडीबांनी मला अंगणात आपटलं आणि पहारीने झोडलं. "थंडीचा म्हने! थंडीचा!" माझ्या तारा बाहेर आल्या.

"त्याले काय मारून राह्यले जी?" मथुराबाई दारातून म्हणाल्या. "तो का बोलला होता?"

बोलता आलं असतं तर मी तरी काय सांगितलं असतं? मलाही तेच वाटत होतं.

आज मी बांधावर अर्धा पुरलेला आहे. मथुराबाई माझ्यावर बसून डाव्या हाताने वांगी निवडतात. टायर घेताना कानावर पडलेल्या शब्दावर जाऊ नका, बाबांनो. अर्थ विचारा.

अपघातानंतर बऱ्याच वर्षांनी, परवाच, जुन्या टायरांवर रबर चढवणारा एक कारागीर भाजी घ्यायला आला. माझी फाटकी पाठ चाचपून म्हणाला, "हा ठंडा रबर." साच्यात कडक तापवून चढवतात तो गरम, कमी तापवून चिकटवतात तो ठंडा. हिवाळ्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.