रिको सिल्व्हरचा सोलो

राजनला कॉलिनचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होते. फोन कानाला लावूनच तो बाहेर आला, पायांत नुसत्या सपाता. "उमा, कॉलिन! अगं, कॉलिन पाइक!" मी म्हटलं, "आधी आत जा. न्यूमोनिया होईल."

कॉलिन कोण, हे इथे कॅनडातल्या आमच्या ओकव्हिलच्या मराठी मंडळींत कुणालाच ठाऊक नाही. त्यांच्या लेखी राजन म्हणजे टेलिफोन कंपनीतून रिटायर झालेले दिघेकाका. मलासुद्धा लग्न ठरताना एवढंच सांगितलं होतं, की मुलगा इंग्लंडमध्ये थोडंफार संगीत करायचा. नागपूरच्या माझ्या वडिलांना वाटलं, पेटी वाजवत असेल.

प्रत्यक्षात त्र्याहत्तर साली राजन चंदेरी उंच टाचांचे बूट घालून, पापण्यांवर निळा रंग आणि गालांवर चमकी लावून इंग्लंडभर गिटार वाजवत हिंडत होता. शाळकरी वयात तो साताऱ्याहून कॉव्हेंट्रीला गेला. वडील तिथे मोटारीच्या कारखान्यात होते. विशी गाठायच्या आतच तो 'टिन पीकॉक' नावाच्या ग्लॅम रॉक बँडमध्ये शिरला. कॉलिन गायचा, राजन गिटार वाजवायचा. मॅनेजर म्हणाला, राजन दिघे हे नाव पोस्टरवर चालणार नाही. त्यानं याचं नाव ठेवलं रिको सिल्व्हर, आणि पेपरवाल्यांना सांगितलं की पोरगा अर्जेंटिनाचा आहे. मुलाखतीत राजननं गप्प बसायचं. कारण तोंड उघडलं की अर्जेंटिना गायब आणि अस्सल कॉव्हेंट्री बाहेर!

त्यांचं एकच गाणं गाजलं, 'सॅटर्डे कॉमेट'. त्यातला मधला सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, राजनचा. त्यानंच बसवलेला, स्टुडिओत पहिल्याच फटक्यात वाजवलेला. शेवटचा सूर तो इतका ताणून धरतो की आता तार तुटेल असं वाटतं, आणि मग अलगद सोडून देतो. टीव्हीवर मात्र रेकॉर्ड लावायचे आणि यांनी नुसते हात हलवायचे, अशी तेव्हाची रीत. सासऱ्यांनी त्याला तसं टीव्हीवर पाहिलं आणि बोलणंच टाकलं. दोन-तीन वर्षांत चमकीची ती फॅशन सरली, बँड फुटला, आणि राजन मावसभावाकडे कॅनडात आला. इथे त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी कोण विश्वास ठेवणार होतं?

तर कॉलिनचा फोन. नायगाराजवळच्या एका कॅसिनोत सत्तरच्या दशकातल्या गाण्यांचा कार्यक्रम होता आणि टिन पीकॉक तिथे येणार होते. म्हणजे कॉलिन आणि त्यानं नवीन जमवलेली मंडळी. "शेवटच्या गाण्याला तू स्टेजवर ये," तो म्हणाला. "रिको सिल्व्हर, स्वतः!"

त्या दिवसापासून आमच्या बेसमेंटमध्ये दुसरं काही नव्हतं. राजनच्या बोटांना संधिवात आहे. रोज सकाळी तो गरम पाण्यात हात बुडवून बसायचा, मग गिटारचा अँप्लिफायर लावायचा. पहिले काही दिवस तो सोलो म्हणजे शिक्षाच होती. अर्ध्यावर बोट अडकायचं, खालून शिवी ऐकू यायची, पुन्हा पहिल्यापासून. मी चिडायचे. फेब्रुवारी संपता संपता मात्र एकदा मी पोळ्या लाटता लाटता थांबले. शेवटचा सूर वर गेला, थरथरला आणि तिथेच राहिला. तव्यावरची पोळी जळेपर्यंत मी तशीच उभी.

आमची लेक अनन्या तिच्या मित्रमैत्रिणींना मेसेज करत सुटली. "बाबा, धिस इज ह्यूज!" तिनंच आम्हाला गाडीतून नेलं.

दुपारी तालीम होती. कॉलिननं राजनला मिठी मारली. गळ्याभोवती रेशमी स्कार्फ, केस काळेभोर रंगवलेले. राजननं पेटीतून गिटार काढली आणि साउंडवाल्याला विचारलं, "माझी केबल कुठे लावू?"

"केबल नाही लागणार, सर. सगळं ट्रॅकवर आहे."

"म्हणजे?"

"रेकॉर्ड केलेलं आहे. तुम्ही फक्त वाजवल्यासारखं करायचं."

राजन हसला. त्याला ती थट्टा वाटली. मग ट्रॅक सुरू झाला आणि सोलो आला, आणि माझ्या नवऱ्याचा चेहरा उतरत गेला. तो त्याचा सोलो नव्हताच. जुन्या रेकॉर्डचे हक्क कंपनीकडे, ती त्यांना वापरता येत नव्हती, म्हणून कॉलिननं सगळी गाणी दुसऱ्याच वादकांकडून नव्यानं करून घेतली होती. सूर तेच, पण घाईघाईत उरकलेले. आणि शेवटचा सूर ताणायच्या आधीच सोडून दिलेला!

"कॉलिन, हे चुकलंय."

"कोणाला कळणार आहे, रिको?"

"मला कळतंय ना! मी घरी वाजवून आलोय. आता, इथे वाजवून दाखवतो. एक केबल दे."

"नाही जमणार."

"का नाही जमणार? टीव्हीवर हात हलवत होतो तेव्हा पोरगा होतो, सहन केलं. आता या वयात दुसऱ्या कुणाच्या चुकांवर हात हलवू?"

कॉलिननं बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं. मला थांबू दिलं. मग त्यानं स्कार्फ सोडला. गळ्यावर ऑपरेशनचा व्रण होता. "माझा आवाज गेलाय," तो म्हणाला. "बोलता येतं तेवढंच. ऑपरेशनआधी गाऊन ठेवलेलं माझं गाणंही ट्रॅकवरच आहे. तुझी गिटार खरी वाजली की बाकी सगळं खोटं आहे हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळेल."

दया आली की माणसाला धड भांडताही येत नाही. राजन नुसताच गिटारच्या तारांवरून बोट फिरवत राहिला.

संध्याकाळी तो स्टेजवर गेला. चंदेरी कोट घातला होता, चमकी लावायला मात्र साफ नकार दिला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याची बोटं तंतोतंत त्याचाच सोलो वाजवत होती आणि स्पीकरमधून दुसऱ्याचा येत होता. शेवटी ट्रॅकवरचा सूर संपला तरी त्यानं तार ताणून धरलेली. तिचा आवाज कुणालाच ऐकू आला नाही. मलाही नाही.

बाहेर पडताना एका गोऱ्या आजींनी त्याचा हात धरला. डोळे भरून आले होते त्यांचे. "अगदी रेकॉर्डसारखं वाजवलंत," त्या म्हणाल्या. राजन म्हणाला, "थँक यू." बिचाऱ्या बाईंवर काय चिडणार?

गाडीत तो फुटला. "अगदी रेकॉर्डसारखं! ऐकलंस ना?" अनन्या म्हणाली, "बट दे लव्ह्ड यू, बाबा." तो म्हणाला, "मला नाही. त्या ट्रॅकला."

एप्रिलमध्ये कॉलिनचा पुन्हा फोन आला. किचनर गावात कार्यक्रम होता, लोक रिकोबद्दल विचारत होते. राजननं त्याच्या तब्येतीची नीट चौकशी केली. मग म्हणाला, "केबल मिळणार असेल तर येतो." "ते नाही जमणार," पलीकडून उत्तर आलं. "मग नको, कॉलिन," राजन म्हणाला. "काळजी घे."

फोन ठेवून तो किचनमध्ये आला आणि उगाच कपाटाची दारं उघडझाप करू लागला. काय शोधतोयस विचारलं तर म्हणाला, काही नाही. मी चहा टाकला.

"बरोबर केलंस तू," मी म्हटलं.

"बरोबर केलं गं," तो म्हणाला. "पण वाजवायचं राहिलं ते राहिलंच."

आणि दाणकन कपाटाचं दार लावलं.